अभ्यासातली मैत्री



परीक्षा, टक्केवारी आणि नोकरी या विषयांवर तुम्ही पुष्कळ ऐकता. मी आज कॉलेजातल्या मैत्रीविषयी चार शब्द बोलणार आहे. आपल्या दिघोरीतून मुलगा भंडाऱ्याला किंवा नागपूरला शिकायला निघाला की घरातून त्याला पहिली ताकीद मिळते, "दोस्तांच्या नादी लागू नको." पालकांचे हे म्हणणे अगदी बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. वाया घालवणारे दोस्त असतात तसेच अभ्यासाला बसवणारेही असतात. अशा दोस्तांवाचून आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलाचे कॉलेज पुरे होणे फार कठीण असते.

मी उर्दू शाळेतून नागपूरच्या कॉलेजात गेलो. वर्गात सारे इंग्रजीतून चाले आणि बाहेर सारे मराठीतून. पहिले दोन महिने मी शेवटच्या बाकावर गप्प बसून काढले. मग वऱ्हाडातला एक मुलगा माझ्या खोलीत राहायला आला. त्याचेही इंग्रजी माझ्याइतकेच कच्चे होते. आम्ही दोघांनी मिळून एक जुना शब्दकोश विकत घेतला. एकाने धडा वाचायचा, दुसऱ्याने तो आपल्या शब्दांत समजावून सांगायचा, असा नियम केला. त्याला समजावता समजावता मला मराठी आले आणि माझे ऐकता ऐकता तो उर्दूतले शब्द बोलू लागला. मी धानाच्या मुलखातला, तो ज्वारीच्या. माझ्या घरचा तांदूळ आणि त्याच्या घरचे पीठ एकाच फळीवर असे. रमजानात तो रात्री उशिरापर्यंत वाचे, मला सहरीला उठवी आणि मग स्वतः झोपे. आज आम्ही दोघेही आजोबा झालो आहोत. पण भेट झाली की त्या शब्दकोशाची आठवण निघतेच.

ही एका खोलीतली गोष्ट झाली. अशा मैत्रीतून केवढे काम उभे राहते, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोघेही १८५६ च्या जुलै महिन्यात जन्मले. आगरकर घरचे अत्यंत गरीब; आपल्या विदर्भातल्या अकोल्याहून मॅट्रिक होऊन ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तिथे टिळकांशी त्यांची मैत्री जमली. टिळक कायद्याचा अभ्यास करीत होते, आगरकर एम.ए.चा. अभ्यास आटोपला की रात्र-रात्र दोघांचा वाद चाले आणि त्याचा विषय एकच असे : शिकून झाल्यावर आपण देशासाठी काय करायचे? सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची, असे त्यांनी ठरवले. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, असे आगरकरांनी आईला पत्राने कळवून टाकले.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये दोघा मित्रांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. नंतर समाजसुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे मतभेद झाले, ते विकोपाला गेले, आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १८९५ मध्ये आगरकर वारले, तेव्हा मृत्युलेख लिहिताना टिळकांना अश्रू आवरले नाहीत, असे सांगतात. मैत्री तुटली, पण दोघांनी मिळून लावलेले झाड आजही सावली देत आहे.

दुसरा दाखला दिल्लीचा. १९२० साली अलीगढमध्ये स्थापन झालेली जामिया मिल्लिया १९२५ मध्ये दिल्लीला आली. पैशांअभावी ती बंद करण्याची वेळ आली होती. त्या वेळी झाकीर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब हे तीन तरुण मित्र जर्मनीत होते. जामिया बंद करू नका, आम्ही येतो, असा निरोप त्यांनी पाठवला आणि १९२६ मध्ये तिघेही खरोखरच आले. तुटपुंज्या पगारावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. झाकीर हुसेन पुढे, १९६७ मध्ये, भारताचे राष्ट्रपती झाले. परदेशी शिकलेल्या या तिघांना मोठ्या नोकऱ्या सहज मिळाल्या असत्या. पण एकट्याला जे धाडस होत नाही ते तिघांना मिळून झाले.

विद्यार्थी मित्रांनो, यातून तुम्ही काय घ्याल? दोस्त निवडताना एवढेच पाहा की त्याच्यासोबत तासभर बसून उठल्यावर तुमचे पुस्तक पुढे सरकले आहे की नाही. तुम्हाला येते ते त्याला समजावून सांगा. दुसऱ्याला शिकवताना आपले कच्चे कुठे आहे ते लगेच कळते. आपल्याच गावच्या, आपल्याच भाषेच्या मुलांत कोंडून बसू नका. आणि मोबाईलवरच्या शंभर ओळखींपेक्षा रात्री जागून शेजारी वाचत बसणारा एक मित्र जास्त मोलाचा आहे, हे ध्यानात ठेवा.

पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाचे मित्र कोण आहेत, याची चौकशी जरूर करा. पण त्यांना घरी बोलावून, जेवू घालून करा. आणि हे मुलींच्या बाबतीतही करा. मुलाची मैत्री जन्मभर टिकते. मुलीची मात्र कॉलेज संपले, लग्न झाले की आपण तोडून टाकतो. तिच्याबरोबर अभ्यास केलेली मैत्रीण उद्या तिला नोकरीची जाहिरात कळवील, अर्ज भरायला मदत करील, अडचणीत धीर देईल. तो धागा तोडू नका.

टिळक-आगरकरांची शाळा आधी दोन मित्रांच्या बोलण्यात निघाली, मग पुण्यात निघाली. आपल्या गावातलीही दोन मुले आज कुठल्यातरी खोलीत एका पुस्तकावर वाकून बसली असतील. त्यांना दिवा मालवायला सांगण्याची घाई करू नका.