म्हाताऱ्यांचा हरिपाठ
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



 आमचं शिक्षण चौथी. भाषण असं आम्हाला येत नाही. कीर्तनाला उभे राहिलो तर दोन घंटे जागचे हलत नाही, पण तिथं मागे टाळकरी असतात. आपली जीभ अडली की ते धृपद उचलतात, तेवढ्यात आपल्याला पुढचं सुचते. आज मागे कोणी नाही, तवा चुकलं-माकलं पोटात घाला.

दिंडीला शंभर वर्षं झाली. पताका, पंगती, अन्नदाते यांच्यावर बाकीचे बोलतीलच. आम्हाला बोलायचं आहे ते म्हाताऱ्यांवर. आता आम्हीही त्यातच जमा आहो, साठी उलटून गेली.

आमच्या गावात रोज दिवेलागणीला मंदिरात हरिपाठ होते. ज्ञानोबारायांचे 27 अभंग. पंधरा-वीस जण असतात, त्यातले तीन-चार सोडले तर सारे सत्तरीच्या आसपासचे. कोणाचे गुडघे गेले, कोणाच्या डोळ्याचं आपरेशन झालं, कोणाचे पोट्टे पुण्याला कंपनीत. हेच म्हातारे दिवसभर पारावर बसतात तर गोळ्या अन् सोयाबीनचा भाव याच्यापुढे बोलणं जात नाही. पण गळ्यात टाळ पडले की काठ्या भिंतीला उभ्या राहतात आणि हे पावली खेळतात. काठी कुठं ठेवली ते मग घरी जाताना शोधत बसतात.

आम्ही काही डॉक्टर नाही. पण एक गोष्ट रोज पाहतो. आमच्यात एक दमेकरी बाबा आहेत. एकट्याला म्हणायला लावलं तर एक चरण पुरा होत नाही. रांगेत मात्र सारा हरिपाठ म्हणतात. कसं? त्यांचा श्वास तुटला की बाजूचा ओढून नेते, चाल काही थांबत नाही, अन् दम परत आला की बाबा मधूनच मिळतात. कोणाला कळतही नाही. दुसऱ्या एकाला बिलकूल ऐकू येत नाही. ते मृदंगावरच्या हाताकडे पाहून टाळ वाजवतात, अन् ऐकू येणाऱ्यांपेक्षा ठेक्यात पक्के.

2020 साली करोनात पायी वारी बंद झाली. संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. 2021 लाही तेच. गावातला हरिपाठ बंद पडला. आम्ही वावरात एकटेच म्हणायचो, बैल ऐकायचे. एक बाबा रोज संध्याकाळी नातवाकडून मोबाईल लावून घ्यायचे, "धरा महाराज चाल." त्यांचा टाळ आमच्या टाळाच्या मागे यायचा, ठेका काही जमत नव्हता. तरी सत्तावीसच्या सत्तावीस पुरे केल्याशिवाय त्यांनी फोन ठेवू दिला नाही.

आता एक गोष्ट नाव न घेता सांगतो. ते इथंच आहेत. त्यांची बायको वारली. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पोरगा आमच्याकडे आला, "महाराज, बाबा जेवत नाहीत, तुम्ही सांगून पाहा." आम्ही दोनदा गेलो, जन्म-मृत्यूचं सारं ज्ञान सांगितलं. काही उपयोग झाला नाही. खरं तर ते आमच्यापेक्षा जास्त कीर्तनं ऐकलेले.

मग सप्ताह आला. तुम्हाला माहीतच आहे, सात दिवस रात्रंदिवस वीणा उभी असते, खाली टेकवता येत नाही. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला माणूस मिळेना. आम्ही तिसऱ्यांदा गेलो ते त्यांना समजवायला नाही, आमच्या गरजेपोटी.

ते म्हणाले, "मले गाता येत नाही."

"गाऊ नका. नुसतं उभं राहा. पण तुमी नाही आले तर आधीचा माणूस वीणा कोणाजवळ देईन?"

पावणेदोनला आले, कानाला उपरणं गुंडाळून. पहिल्या रात्री तोंड मिटून. तिसऱ्या रात्री आम्ही झोपेतून उठलो तर नामाचा बारीक आवाज येत होता. काल्याच्या दिवशी पंगतीत दोनदा भात मागून घेतला. आता त्यांना पहारा सोडा म्हणावं लागते.

एक आमचीही चूक सांगतो. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा असते. म्हाताऱ्या बाया पहाटे यायच्या अन् मागे बसायच्या. एका वर्षी त्यांनी टाळ मागितले. आम्ही म्हणालो, तुम्ही आरती धरा. कीर्तनात मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई सांगणारे आम्ही! एक बुढीमाय म्हणाली, "जात्यावर उभा जन्म गायलो महाराज, तवा काही कोणी अडवलं नाही." आम्ही गुमान पेटीतले टाळ काढून दिले. आता थंडीच्या पहाटे अर्ध्याच्या वर रांग त्यांचीच असते. गडीमाणसं गोधडीत.

मागच्या बैठकीत तरुण मंडळींनी विषय काढला, की 70 च्या पुढच्यांना टेंपोत बसवा अन् वाटेनं भोंग्यावर रेकाडचा हरिपाठ लावा. त्यांची काळजी खोटी नाही. उन्हात एकाला भोवळ आली होती, ते आम्हीही पाहिलं. ज्याला चालवत नाही त्यानं टेंपोत बसावं, यात कमीपणा नाही. गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोडकडं जाते तवा पंढरीला न जाऊ शकणारे आपले म्हातारे रस्त्यावर उभे राहून टाळ वाजवतातच की. पण भोंगा लावू नका. मुक्कामाला टेंपो उभा राहिला की म्हाताऱ्यांना उतरवून पुढच्या रांगेत घ्या. रांगेच्या टोकाला दोन खुर्च्या ठेवा, बसून म्हणतील. चाल हळू होईल, होऊ द्या. त्यांना दम लागला तर तुम्ही ओढा, तुमच्या पाठांतरात खंड पडला तर ते ओढतील.

बाकी काही मागणं नाही. दिवे लागले, हरिपाठाची वेळ झाली. अन् बोलण्याच्या नादात आमचं लक्षच गेलं नाही, ते बाबा दोन घंट्यांपासून वीणा घेऊन उभे आहेत. कोणीतरी पुढं होऊन घ्या त्यांच्याकडून.