डिजिटल चित्र जपायचं कोणत्या फाइलमध्ये?

(गणेशोत्सवात आरतीनंतर मंडळाच्या सभागृहात स्मरणिका समितीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा अर्धा तास आम्हा स्मरणिका समितीला दिला आहे. विषय ऐकायला रुक्ष आहे: डिजिटल चित्र कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवावं. पण स्पर्धेसाठी आणि स्मरणिकेसाठी दरवर्षी चित्रं गोळा करताना आम्ही जे पाहतो, त्यावरून हे एकदा सर्वांसमोर बोलायलाच हवं असं वाटलं. पूर्वी चित्र म्हणजे कागद. तो गुंडाळून कपाटावर टाकला तरी वीस वर्षांनी सापडायचा. थोडा पिवळा पडलेला, पण मूळच. आता मुलं टॅबलेटवर चित्र काढतात, आणि त्यांच्या आज्याही काढू लागल्या आहेत. या चित्राला कागद नाही. फाइल हेच चित्र.

आपल्याच मंडळातल्या एका काकूंनी सत्तरी ओलांडल्यावर नातीच्या टॅबलेटवर रांगोळ्या काढायला घेतल्या. ठिपक्यांच्या, गालिच्याच्या, चैत्रांगणाच्या. रोज सकाळी एक, आणि लगेच व्हॉट्सॲपवर सगळ्यांना. पुढे काकू गेल्या, टॅबलेटही बदलला गेला. वर्षश्राद्धाला घरच्यांना त्या रांगोळ्यांचं छोटं पुस्तक काढायचं होतं. शोधाशोध केली तेव्हा हाती लागल्या त्या फक्त ग्रुपवर आलेल्या प्रती. मोबाइलवर सुरेख दिसणाऱ्या. पण पानभर मोठ्या केल्या की ठिपके विस्कटलेले आणि रेषांभोवती करडी धूळ. पुस्तक निघालं, पण प्रत्येक पानावर रांगोळी तळहाताएवढी. मूळ फाइल वेगळी ठेवायची असते, हे काकूंना कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्यापैकी बहुतेकांनाही कुणी सांगितलेलं नाही.

बडोदेकरांना ही गोष्ट समजायला फार लांब जावं लागत नाही. राजा रविवर्मा यांनी महाराज सयाजीरावांसाठी काढलेली चित्रं आपल्याकडे आहेत. फत्तेसिंह संग्रहालयात आपण ती पाहिली आहेत. आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात आहेत. बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांनी त्यांना चित्रांच्या छापील प्रती काढण्याचं सुचवलं होतं. 1894 मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली पद्धत अशी, की एका चित्राच्या प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि ते रंग एकावर एक छापून तसबीर पुरी करायची.

म्हणजे एकाच चित्राची तीन रूपं झाली. एक मूळ तैलचित्र. दुसरे छपाईचे दगड, ज्यांवरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. तिसरी घरोघरी गेलेली तसबीर. तसबिरीवरून कुणी दगड बनवत नाही आणि दगडावरून मूळ चित्र परत मिळत नाही. डिजिटल चित्राचंही असंच आहे. ‘सगळ्यात चांगली फाइल कोणती?’ असं आम्हाला विचारतात. त्याचं एका शब्दात उत्तर नाही, कारण एका चित्राच्या तीन फाइली हव्यात: काम करायची, जपायची आणि वाटायची.

वाटायच्या फाइलपासून सुरू करतो, कारण ती सर्वांच्या ओळखीची आहे. ती म्हणजे जेपेग, जिला आपण जेपीजी म्हणतो. ए-फोर आकाराचं चित्र छपाईच्या दर्जाचं, म्हणजे इंचाला 300 ठिपके या हिशेबाने काढलं, तर त्यात 2480 गुणिले 3508, म्हणजे सुमारे 87 लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर चित्र 26 एमबीचं होतं. जेपेग तेच दोन-तीन एमबीत बसवते. कसं? चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातले ठळक चढउतार ठेवायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक सोडून द्यायचे. या हिशेबामागचं गणित बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये प्रसिद्ध केलं. आपल्या मोबाइलमधल्या असंख्य फोटोंच्या मुळाशी हे तीन भारतीय नावांचं काम आहे, हे मुलांनी लक्षात ठेवावं.

फोटोला ही युक्ती उत्तम लागू पडते. गणपतीच्या मूर्तीचा फोटो, मिरवणुकीचा फोटो, आकाश, चेहरे, यांत रंग हळूहळू बदलतो. त्यात थोडं सोडलं तरी कळत नाही. पण आपली चित्रं तशी नसतात. काळी कडा आणि लगेच पांढरा कागद. सपाट केशरी रंग आणि त्यावर ‘श्री’. जिथे रंग एकदम बदलतो, तिथे जेपेग अडखळते. देवनागरीत तर शिरोरेषेच्या वर-खाली तो कचरा चटकन दिसतो. काकूंच्या रांगोळीभोवतीची करडी धूळ ती हीच.

इथे दोन गैरसमज दूर करतो. जेपेग फाइल नुसती उघडून पाहिल्याने किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केल्याने बिघडत नाही. उघडून, बदल करून पुन्हा जेपेगमध्येच साठवली, की पुन्हा काटछाट होते. असं दहादा केलं की फरक दिसू लागतो. दुसरं म्हणजे, जेपेगचं रूपांतर पीएनजीत केलं की दर्जा सुधारतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. गेलेलं गेलं. फाइल तेवढी मोठी होते.

आता जपायची फाइल. इथे दोन नावं लक्षात ठेवा: पीएनजी आणि टिफ.

पीएनजीचा जन्म एका भांडणातून झाला. 1987 पासून जिफ नावाचा प्रकार वापरात होता. त्यात एका चित्रात फक्त 256 रंग, आणि त्यातल्या आकुंचनाच्या पद्धतीवर एका कंपनीचं पेटंट. 1994 च्या अखेरीस त्यासाठी पैसे मागायचं ठरलं, तेव्हा इंटरनेटवरच्या जाणकारांनी एकत्र येऊन सर्वांना मोफत वापरता येईल असा नवा प्रकार आखला. 1996 मध्ये पीएनजी पक्की झाली. ती फाइल लहान करते, पण काही टाकून देत नाही. ‘इथून पुढे पाचशे ठिपके पांढरे’ असं थोडक्यात लिहून ठेवण्यासारखं ते आहे. उघडलं की पाचशेच्या पाचशे ठिपके परत. सपाट रंगांची चित्रं, रांगोळ्या, सुलेखन, वारली पद्धतीची चित्रं यांसाठी ती फार चांगली. शिवाय तिच्यात पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येते, त्यामुळे तुमचा गणपती आम्हाला कोणत्याही रंगाच्या पानावर बसवता येतो. पांढरा चौकोन सोबत येत नाही.

टिफ तिच्याहून जुनी, 1986 ची. फाइल मोठी होते, मोबाइलवर पाठवायला गैरसोयीची. पण तिच्यातही काही न गमावता चित्र ठेवता येतं. जगभरची ग्रंथालयं जुने कागद स्कॅन करून ठेवताना टिफ वापरत आली आहेत. छापखान्याच्या दृष्टीने तिचा आणखी एक उपयोग आहे. पडद्यावरचे रंग लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचे असतात, छपाईचे चार शाईंचे. टिफमध्ये चार शाईंचे रंग साठवता येतात, पीएनजीत येत नाहीत. मोबाइलवर झळझळणारा केशरी किंवा मोरपंखी रंग स्मरणिकेत थोडा मंद दिसला, तर छापखान्यावर रागावू नका. काही रंग शाईत उतरतच नाहीत. घरी जपायला पीएनजी पुरे. घरातली जुनी चित्रं किंवा पत्रं स्कॅन करणार असाल तर टिफ घ्या.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, काम करायची फाइल. रविवर्म्यांच्या छापखान्यात रंगागणिक दगड होता, तसे टॅबलेटवरच्या चित्रात लेयर असतात: खाली आकाश, वर मखर, वर मूर्ती, सर्वांत वर अक्षरं. हे थर सुटे राहतात ते त्या-त्या ॲपच्या स्वतःच्या फाइलमध्ये. फोटोशॉपची पीएसडी सर्वांना माहीत आहे. क्रिता आणि प्रोक्रिएटच्या फाइली वेगळ्या. पुढच्या वर्षी त्याच मखरात दुसरी मूर्ती बसवायची असेल, तर ही फाइल हवी. पीएनजीत आणि जेपेगमध्ये सगळे थर एकमेकांना चिकटलेले असतात.

या फाइलचा दोष असा की ती ॲपच्या भरवशावर असते. ॲप बंद पडलं, टॅबलेट बदलला, की ती उघडेलच असं नाही. म्हणून चित्र पुरं झालं की त्याच दिवशी दोन गोष्टी करा: काम करायची फाइल ॲपमधून बाहेर काढून ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तिच्याशेजारी त्याच चित्राची पूर्ण आकाराची पीएनजी ठेवा. एक उघडली नाही तरी दुसरी उघडेल.

मंडळाचं बोधचिन्ह, कमानीवरचं नाव, भौमितिक नक्षी, यांसाठी आणखी एक प्रकार आहे, एसव्हीजी. तिच्यात ठिपके नसतात. रेषा कुठून कुठे जाते याचं गणित असतं. त्यामुळे निमंत्रणपत्रिकेवरचा गणपती प्रवेशद्वाराएवढा केला तरी कडा धारदार राहते. कुंचल्याच्या फटकाऱ्यांच्या चित्राला मात्र ती उपयोगी नाही. आपल्याकडचे छापखाने बरेचदा कोरल ड्रॉवर काम करतात. त्यांना फाइल देताना अक्षरं रेषांमध्ये बदलून द्या, किंवा फॉन्ट समाविष्ट करून पीडीएफ द्या. नाहीतर त्यांच्याकडे तुमचा मराठी फॉन्ट नसला की ‘मंगलमूर्ती’चं काय होईल ते सांगता येत नाही.

आता व्हॉट्सॲप. तिथे फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होऊन जातं. समजा लांब बाजूला 1600 ठिपके उरले. 300 च्या हिशेबाने ते कागदावर जेमतेम सव्वापाच इंच भरतात. म्हणून आम्हाला चित्र पाठवताना ‘डॉक्युमेंट’ हा पर्याय निवडा. फाइल जशीच्या तशी पोहोचते. आजी-आजोबांनो, नातवंडांकडून हे एकदा करून घ्या, पुढे तुम्हालाच जमेल. आणि मुलांनो, चित्र सुरू करतानाच कॅनव्हास मोठा घ्या. लहान कॅनव्हास नंतर ताणला तर ठिपके वाढतात, चित्रातला बारकावा वाढत नाही.

फाइलला नाव द्या: चित्राचं नाव, काढणाऱ्याचं नाव, वर्ष. ‘अनटायटल्ड 14’ म्हणजे काय हे पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही. दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेरचं. आणि वर्षातून एकदा उघडून पाहा. दसऱ्याला आपण वह्या-पुस्तकं पूजेला मांडतो, तोच दिवस यासाठी धरा.

शेवटी एक विनंती. समितीने दोन हार्ड डिस्क घेतल्या आहेत. दोन्हींवर तेच राहील, आणि त्या दोन वेगळ्या घरी ठेवल्या जातील. कोजागरीपर्यंत प्रत्येक घराने आपल्या डिजिटल चित्रांच्या काम करायच्या फाइली आणि पीएनजी आणून द्याव्यात. यंदाच्याच नाही, मागच्याही. आपले पूर्वज गायकवाडांच्या राज्यात आले तेव्हा पोथ्या आणि जमाखर्चाच्या वह्या घेऊन आले, आणि कुणी ना कुणी त्या सांभाळल्या. आज आपल्या घरात जे काढलं जातं, तेही कुणाला तरी सांभाळावं लागेल. काकूंच्या रांगोळ्या ज्यांच्या मोबाइलमध्ये अजून असतील, त्यांनी जशा असतील तशा आणाव्यात. कुणाकडे एखादी मोठी प्रत निघाली, तर त्यांच्या घरच्यांना ती आम्ही स्वतः नेऊन देऊ.

गणपती बाप्पा मोरया!