थांबवायला एक जण पुरे



आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यातून कला शाखेचे पदवीधर. यंत्रांवर आम्ही काय बोलावे, असे कोणी म्हणेल. पण लातूरच्या डाळ मिलमध्ये, तेल गिरणीत पट्ट्याजवळ राबणारी माणसे आपली आहेत. आणि आयटीआय, पॉलिटेक्निकमध्ये शिकून उद्या त्या यंत्रांचे पॅनल बनवणारी मुलेही आपलीच. म्हणून हा विषय.

मायक्रोकंट्रोलर नावाची नखाएवढी चिप आता स्वस्त झाली आहे. मोटर तापली, भार वाढला, झाकण उघडले की ती यंत्र बंद करू शकते. विद्यार्थी असे प्रकल्प करतात, त्याचे कौतुकच आहे. परंतु ती चिपच अडकली तर यंत्र कोण थांबवणार? मोठ्या मोटारी चालू-बंद होताना वायरींत जे विजेचे झटके उठतात, त्यांनी प्रोग्रॅम भरकटू शकतो.

कॅनडातील एका कंपनीच्या थेराक-२५ या किरणोपचार यंत्रात, आधीच्या यंत्रातील स्वतंत्र अटकाव काढून सगळी भिस्त प्रोग्रॅमवर ठेवली होती. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना किरणांची भयंकर जादा मात्रा बसली. त्यांतील काही दगावले.

बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात. उघडायला दोघे लागतात. बंद ठेवायला एक जण पुरे. यंत्राचेही असेच असावे. चालवायला चिप आणि लाल बटण या दोघांची संमती हवी, थांबवायला एकाचा नकार पुरे. त्यासाठी लाल बटणाची वायर चिपमधून न नेता थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलला जोडावी. बटणाचा संपर्क एरवी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा असावा. म्हणजे वायर तुटली तरी यंत्र बंदच पडेल. कॉन्टॅक्टरचे पॉइंट कधी चिकटतातही. म्हणून धोक्याच्या यंत्राला एकापाठोपाठ दोन कॉन्टॅक्टर लावावेत.

आपल्या साध्या स्टार्टरमध्येही हे शहाणपण आहे. लाईट गेली की कॉइल सुटते आणि परत आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. शेतातल्या पंपाला ऑटोस्विच लावून आपण ही सोय मोडतो. गिरणीत तसे केले, तर अडकलेले धान्य काढणाऱ्याचा हात जाईल.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २४ ने प्रत्येक कामाच्या खोलीत, आणीबाणीत चालत्या यंत्राची शक्ती तोडणारे साधन असणे बंधनकारक केले होते. ते मालकाचे उपकार नव्हेत, कामगाराचा हक्क आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रकल्प पूर्ण झाला की दोन परीक्षा घ्या. चिपचा पुरवठा तोडून पाहा. मग प्रोग्रॅम मुद्दाम अडकवून लाल बटण दाबा. दोन्ही वेळा यंत्र थांबले, तरच त्याच्याजवळ आपला माणूस उभा करा.