पत्ता आपला, दुकान दुसऱ्याचे

(दापोडी येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समजा, इथल्या एस.टी. कार्यशाळेच्या परिसरात, दवाखान्यात, शाळेत आपण मदत केंद्राचा फोन नंबर रंगवला. दहा वर्षे बायकांनी तो एकमेकींना सांगितला. मग बिल भरायचे राहिले, नंबर बंद झाला आणि दुसऱ्याला मिळाला. भिंतीवरचा रंग तसाच आहे. मार खाऊन रात्री फोन लावणारी बाई आता कुणाशी बोलेल?

वेबसाइटच्या नावाचे, ज्याला डोमेन म्हणतात त्याचे, असेच होते. फरक एवढाच की तिथे बंद पडलेली नावे हुडकून घेण्याचा धंदाच उभा आहे.

हे नाव कायमचे विकत मिळत नाही. ते वर्षाच्या भाड्याने मिळते, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांची मुदत संपली की काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येते. त्यानंतर ३० दिवस जादा पैसे मोजून ते सोडवता येते, मग ५ दिवस थांबून ते सर्वांना खुले होते. पुष्कळदा तर त्याआधीच त्याचा लिलाव होतो.

आपले मेलेले नाव कुणाला कशाला हवे? १९९८ साली गूगल सुरू झाले ते एका कल्पनेवर: ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवतात ते पान मोलाचे, आणि बोट दाखवणारा वजनदार असेल तर अधिकच मोलाचे. विद्यापीठे, वर्तमानपत्रे, इतर संघटना आपला दुवा देतात, ती कमाई आपल्या पायपिटीची. नवा दुकानदार अशी शिफारस मिळवायला वर्षे घालवत नाही. तो आपले नाव घेतो, इंटरनेट अर्काइव्हमध्ये जपलेली जुनी पाने उचलून पुन्हा लावतो, आणि त्यांच्या आडून आपला माल शोधयादीत वर चढवतो.

अमेरिकेत ‘द हेअरपिन’ नावाची बायकांनी चालवलेली, बायकांच्या लेखनाची वेबसाइट होती. २०१० साली सुरू झाली, २०१८ मध्ये बंद पडली. पुढे नावाची मुदत संपली आणि सर्बियातल्या एका माणसाने ते घेतले. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या मजकुराने त्याने ती भरली. गाजलेले काही जुने लेख ठेवले, पण लेखिकांची नावे काढून तिथे पुरुषांची नावे घातली! जानेवारी २०२४ मध्ये ‘वायर्ड’ने हे उघड केले. बाईचे लेखन आणि बुवाचे नाव, हा प्रकार आपल्याला नवा नाही म्हणा.

मार्च २०२४ मध्ये गूगलने या प्रकाराला नियमात गैरवापर ठरवले. त्यांनी दिलेली उदाहरणेच बोलकी आहेत: प्राथमिक शाळेच्या जुन्या साइटवर जुगार, वैद्यकीय धर्मादाय संस्थेच्या नावावर औषधी मालाची विक्री. गूगलला आपला कळवळा आला असे नव्हे, त्यांचे शोधाचे निकाल नासत होते. शिवाय पकडले गेले तर साइट यादीतून खाली जाते, नाव काही आपल्याला परत मिळत नाही.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती ई-मेलची. नाव ज्याच्या हाती, त्या नावावरची पत्रेही त्याच्या हाती. जुन्या पत्रकावरचा पत्ता पाहून एखादी बाई नवऱ्याबद्दल, पोटगीबद्दल, आपण कुठे लपलो आहोत त्याबद्दल लिहील. ते पत्र परत येणार नाही. कुणीतरी ते वाचेल.

आपल्याकडे हे घडते ते गरिबीमुळे कमी, हिशेबात नसल्यामुळे जास्त. वेबसाइट कुणाच्या तरी भाच्याने करून दिलेली असते, नाव त्याच्या ई-मेलवर असते, तो नोकरीला परगावी जातो. प्रकल्पाचा निधी संपतो. मुदतीची सूचना त्या भाच्याला जाते. कार्यालयाचे भाडे आपण ठरावाने मंजूर करतो, या भाड्याचा ठराव मी कुठल्याच इतिवृत्तात पाहिलेला नाही.

काम थांबवणाऱ्या गटांनीही नाव लगेच सोडू नये. आधी दुवे देणाऱ्यांना कळवावे, पत्रकांवरचा पत्ता बदलावा, त्या नावावरच्या ई-मेलने उघडलेली बँकेची आणि इतर खाती दुसरीकडे वळवावीत. तोवर काही वर्षांचे भाडे भरून ठेवावे.

आता चहाआधी प्रत्येक गटाने कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: नाव कुणाच्या नावे आहे, मुदत कधी संपते, आणि सूचना कुणाच्या ई-मेलवर जाते.