अंगणातली चकचकीत धूळ

आमच्या महिला मंडळातर्फे आज आपण लोखंडाच्या झोतभट्टीच्या धुळीविषयी बोलणार आहोत. गोव्यात आमोणे-नावेली भागात अशा भट्ट्या आहेत. जिथे भट्टी, तिथे धुळीचा प्रश्न.

या उंच भट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकतात. खालून खूप तापवलेल्या हवेचा झोत सोडतात. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि तळाशी लोखंडाचा रस साठतो. वरचा वायू साफ करून इंधन म्हणून वापरतात. मग धूळ येते कुठून? रस बाहेर काढताना, ओतताना आणि कच्चा माल उघड्यावर हाताळताना.

वाळत घातलेल्या कपड्यांवर, पापडांवर चकचकीत कण दिसतात का? रस थंड होताना त्यातला कार्बन सुटतो, तेच हे ग्राफाइट. शिसपेन्सिलीत असतं तेच. तांबूस धूळ खनिजाची किंवा रसाच्या धुराची, काळी कोळशाची किंवा कोकची असू शकते. "हा तुमच्या चुलीचाच धूर," असं कोणी म्हणालं, तर सांगा: चुलीतून काजळी येते, चकाकणारं ग्राफाइट येत नाही. चुलीचा धूरही वाईटच, तो कमी करूच. पण भट्टीचा हिशेब वेगळा.

खरा धोका मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कणांचा. ते फुप्फुसात खोल जातात. दमा बळावतो, हृदयावरही ताण येतो. आपल्या देशात २००९ च्या मानकांनुसार हे कण, म्हणजे पीएम २.५, हवेच्या एका घनमीटरमध्ये चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत.

घरात कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा, पाणी झाका, पालेभाजी नीट धुवा. पण एवढ्याने हवा शुद्ध होत नाही. म्हणून दिनदर्शिकेवर लिहा: धूळ कधी आली, कोणत्या रंगाची, वारा कुठून होता. महिन्याभराची नोंद जोडून पंचायतीला आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. हवेच्या मोजणीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागा.

एकटीचं गाऱ्हाणं बाजूला पडतं. वीस घरांची तारीखवार नोंद बाजूला सारणं सोपं नसतं. आजच्या बैठकीत वही कोण सांभाळणार, तेवढं ठरवा.