समभाग म्हणजे मालकी : नव्या गुंतवणूकदारांसाठी काही मूलतत्त्वे



बचत हा आपल्या कुटुंबव्यवस्थेचा जुना संस्कार आहे. टपाल कचेरीतील खाते, बँकेतील मुदत ठेव, चार तोळे सोने आणि जमले तर जमिनीचा एखादा तुकडा, अशी या बचतीची परंपरागत रूपे होत. अलीकडे भ्रमणध्वनीमुळे समभागांचा व्यवहार लहान गावांतही पोहोचला आहे. काही लोक त्याला जुगार समजून त्यापासून दूर राहतात, तर काही झटपट श्रीमंतीचा मार्ग समजून त्यात उडी घेतात. समभाग म्हणजे नेमके काय, हे ठाऊक नसणे हेच या दोन्ही समजुतींचे मूळ आहे.

सहकारी साखर कारखान्याचा अथवा सोसायटीचा भाग ग्रामीण श्रोत्यांना परिचित आहे. कंपनीचा समभाग त्याच जातीचा. तो मालकीचा अंश होय. फरक दोन बाबतींत आहे. सहकारात एका सभासदास एक मत असते, तर कंपनीत जितके समभाग तितकी मते. दुसरे असे की, सहकारी भागाची सहसा बाजारात उलाढाल होत नाही. नोंदणीकृत कंपनीच्या समभागाचा भाव मात्र रोज ठरतो. बँकेत ठेव ठेवणारा बँकेचा धनको असतो व त्याचे व्याज ठरलेले असते. समभाग घेणारा धंद्याचा भागीदार असतो. नफा झाला तर त्याला लाभांश मिळू शकतो आणि समभागाची किंमत वाढू शकते. तोटा झाला तर मुद्दलही घटते. मात्र कंपनी बुडाली तरी पूर्ण भरणा केलेल्या समभागधारकाचे नुकसान त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतेच मर्यादित राहते.

या मालकीचा अर्थ भोपाळकरांना दोन उदाहरणांवरून उमगावा. पहिले उदाहरण भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचे. १९५६ साली स्थापन झालेली हेवी इलेक्ट्रिकल्स ही संस्था पुढे १९७४ मध्ये या कंपनीत विलीन झाली. १९९१-९२ पासून शासनाने आपल्या मालकीचा काही अंश विकण्यास प्रारंभ केला आणि सामान्य नागरिकही तिचे भागीदार होऊ शकले. नंतरचे बोनस समभाग व विभाजन हिशेबात धरले, तर २००७ च्या तेजीत तिचा भाव तीनशे रुपयांच्या पुढे गेला होता. पुढे वीजप्रकल्पांच्या मागण्या मंदावल्या, स्पर्धा वाढली, आणि मार्च २०२० मध्ये हाच भाव वीस-पंचवीस रुपयांच्या घरात आला. २०२४ मध्ये तो पुन्हा तीनशेपार झाला. कंपनी तीच, कारखाना तोच. पण तेजीच्या शिखरावर घेणाऱ्यास दीर्घकाळ तोट्यात थांबावे लागले, तर मंदीत घेऊन धीर धरणाऱ्याची रक्कम दहापटींहून अधिक झाली. कंपनी नामवंत आहे एवढे पुरेसे नसते. ती कोणत्या भावाने घेतली, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

दुसरे उदाहरण वेदनादायक आहे. युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचे ५०.९ टक्के भागभांडवल अमेरिकन कंपनीकडे होते. उर्वरित भाग भारतीय वित्तसंस्था व सामान्य गुंतवणूकदार यांच्याकडे होता. घरोघरी तिची ओळख बॅटरीमुळे होती. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो निरपराध माणसे प्राणास मुकली. त्या हानीपुढे पैशाच्या हानीचा उल्लेखही गौण ठरतो. तथापि मालकीचा एक धडा त्यातून घेणे अवश्य आहे. आपण ज्या धंद्याचे भागीदार होतो, तो धंदा कोठे, कशा प्रकारे आणि कोणाच्या जिवावर चालतो, हे जाणून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. कंपनीचा वार्षिक अहवाल त्याकरिताच असतो. तसेच, केवळ नाव परिचयाचे आहे म्हणून सारी पुंजी एकाच कंपनीत घालणे शहाणपणाचे नव्हे.

बाजाराच्या लहरीपणाचा इतिहास जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, समभागांचे वेड पसरले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच अनेक घराणी धुळीस मिळाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, मुंबईत दलालांची रीतसर संघटना स्थापन झाली. १९९२ च्या रोखे घोटाळ्याने पुन्हा अनेकांचे हात पोळले. त्याच वर्षी ‘सेबी’ या नियामक मंडळास कायद्याने अधिकार मिळाले. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर गेलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात आठ हजारांखाली आला होता. नंतर तो सावरला आणि पुढेही गेला. पण मधल्या काळात ज्यांना मुलीच्या विवाहासाठी अथवा औषधपाण्यासाठी समभाग विकावे लागले, त्यांचे नुकसान भरून निघाले नाही.

म्हणून नवख्याने काही पथ्ये पाळावीत. प्रथम सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी, आणि आरोग्याचा विमा उतरवावा. निदान पाच-सात वर्षे लागणार नाही, असाच पैसा समभागांत घालावा. कर्ज काढून, दागिने गहाण टाकून अथवा पेरणीच्या पैशातून गुंतवणूक कदापि करू नये. शंभराचे पन्नास होण्यास पन्नास टक्के घसरण पुरते. पन्नासाचे पुन्हा शंभर होण्यास शंभर टक्के वाढ लागते. ज्यांना ताळेबंद वाचण्यास सवड नाही, त्यांनी अनेक कंपन्यांत पैसा विभागणाऱ्या म्युच्युअल फंडात दरमहा लहान रक्कम भरावी. तेथेही जोखीम असते. पण ती एका कंपनीवर अवलंबून राहत नाही.

वायदे व ऑप्शन यांपासून नवख्याने दूरच राहावे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले, असे सेबीच्या पाहणीत आढळून आले. ही गुंतवणूक नव्हे, सट्टा होय.

व्यवहारासाठी डीमॅट खाते लागते. ते सेबीकडे नोंदलेल्या दलालामार्फतच उघडावे, त्यावर वारसाचे नामनिर्देशन करावे आणि गुप्त संकेतांक कोणासही सांगू नये. पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यात भरू नयेत. खरेदीनंतर समभाग खात्यात जमा झाले की नाही, हे स्वतः पाहावे. ‘महिन्याला अमुक टक्के खात्रीचा नफा’ असे जो सांगतो, तो फसवणूक करीत आहे असे निःशंक समजावे. कारण मालकीत खात्री नसते. फसवणूक झाल्यास लाजेने गप्प न बसता पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. दलालाविषयीचे गाऱ्हाणे सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार-व्यवस्थेकडेही मांडता येते.

शेतकरी बैल घेताना त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, पूर्वीच्या धन्याची चौकशी करतो आणि मगच कमरेची पिशवी सोडतो. कंपनीचा भाग घेतानाही तेवढीच चौकशी आणि तेवढाच धीर अंगी बाणवला, तर घामाच्या पैशाचे रक्षण होईल आणि देशाच्या उद्योगांत सामान्य माणसाचा वाटाही सन्मानाने वाढेल.