रस्ता सर्वांचा : ॲमस्टरडॅमच्या नागरिकांचा धडा

(रस्ता सुरक्षा सप्ताहानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सायकलींचे शहर म्हटले की ॲमस्टरडॅमचे नाव प्रथम घेतले जाते. तेथे लहान मुले आणि वृद्ध माणसेही निर्धास्तपणे सायकल चालवितात, याचे प्रवाशांना मोठे कौतुक वाटते. सपाट भूमी आणि लोकांची शिस्त ही त्याची कारणे म्हणून सांगितली जातात. परंतु पन्नास वर्षांपूर्वी भूमी तीच होती आणि लोकही तेच होते. रस्ते मात्र जीवघेणे होते. ते सुरक्षित झाले ते प्रामुख्याने नागरिकांच्या संघटित आग्रहामुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये समृद्धी आली आणि तिच्याबरोबर मोटारगाड्याही आल्या. त्यांना वाट करून देण्यासाठी रस्ते रुंद करण्यात आले, जुन्या वस्त्या पाडण्यात आल्या, चौकांचे वाहनतळ झाले. सायकलींचा वापर झपाट्याने घटला. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्ता अपघातांत ३,००० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती.

व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगीही अशाच अपघातात दगावली होती. १९७२ साली त्यांनी वृत्तपत्रात एक लेख लिहिला. त्याचे शीर्षक होते ‘बालहत्या थांबवा’. मुलांचे मृत्यू हा दैवाचा खेळ नसून ते टाळता येण्याजोगे आहेत, हा विचार त्या शीर्षकातच सामावलेला होता. याच नावाची चळवळ उभी राहिली आणि मार्त्ये फान पुतेन ही तरुण माता तिची पहिली अध्यक्षा झाली. चळवळीतील लोकांनी सायकल मोर्चे काढले. जेथे अपघात घडत, तेथे वाहतूक अडवून त्यांनी भर रस्त्यात मेजे मांडली. पंतप्रधान योप देन आउल यांच्या घरी जाऊन त्यांनी गाणी म्हटली व मुलांसाठी सुरक्षित रस्ते मागितले. पंतप्रधानांनी बाहेर येऊन त्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेतले.

शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी हकिकत ॲमस्टरडॅममधील ‘दे पाइप’ या दाटीवाटीच्या वस्तीची आहे. खेळण्यास जागा नाही म्हणून १९७२ साली तेथील शाळकरी मुलांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि अडथळे उभारून एक रस्ता वाहनांना बंद केला. संतप्त मोटारचालकांनी ते अडथळे दूर केले, बाचाबाची झाली. पण दूरचित्रवाणीने हा प्रसंग देशभर पोहोचविला.

१९७३ साली तेलटंचाई उद्भवली. इंधन वाचविण्यासाठी शासनाने मोटारविरहित रविवार पाळले. रिकाम्या रस्त्यांवर मुले खेळली, माणसे मनसोक्त चालली. रस्ता कसा असू शकतो, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. १९७५ साली सायकलस्वारांची नवी संघटना स्थापन झाली. तिच्या स्थानिक शाखांनी धोक्याच्या जागांची नोंद केली आणि कोठे काय बदलावे, हे नगरपालिकांपुढे मांडले.

शासनानेही पुढाकार घेतला. डेल्फ्ट येथे पदपथ व वाहनमार्ग यांतील भेदच काढून टाकणारे ‘निवासी रस्ते’ आकारास आले होते. झाडे, बाके, वळणे आणि उंचवटे यांमुळे तेथे वाहनास पायी चालणाऱ्याच्या गतीनेच जावे लागते. १९७६ साली या रस्त्यांना कायद्याने मान्यता मिळाली. मोठ्या रस्त्यांवर सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्यात आले. केवळ उपदेशावर न विसंबता रस्त्याची रचनाच अशी करण्यात आली की वाहनाची गती आपोआप कमी व्हावी. कारण धडकेच्या वेळी गती जितकी कमी, तितकी जीव वाचण्याची शक्यता अधिक. १९७१ साली ४०० हून अधिक असलेली बालमृत्यूंची संख्या २०१० साली १४ वर आली.

आपल्या देशातही या दिशेने पावले पडली आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात पादचारी व विनामोटार वाहने यांच्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला. सदोष रस्तारचनेबद्दल संबंधित अधिकारी व ठेकेदार यांना दंडाची तरतूदही झाली. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेने लक्ष्मी रस्ता काही तास वाहनांना बंद ठेवून ‘पादचारी दिन’ साजरा केला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळेविरहित पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

मात्र कायद्याचे शब्द रस्त्यावर उतरण्यास नागरिकांचा आग्रह आणि अधिकाऱ्यांची साथ, दोन्ही हवीत. शाळेभोवतीच्या धोक्याच्या जागांचा नकाशा शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तयार करून घ्यावा. हमरस्त्यालगतच्या गावांनी आपली मुले रस्ता कोठे ओलांडतात, हे ग्रामसभेत नोंदवावे. अधिकाऱ्यांनी अशा नोंदी तक्रार म्हणून बाजूस न सारता कामाचा आराखडा म्हणून हाती घ्याव्यात. ॲमस्टरडॅममध्ये पालक आणि मुले प्रथम पुढे झाली, शासन त्यांच्या मागोमाग आले. आपल्या गावात आणि शहरात दोघांनी एकाच वेळी पाऊल उचलले, तर अधिक मुले सुखरूप घरी परततील.